सायकलस्वाराचे कान

आजचा विषय दिसावयास अगदीं लहान आहे. सायकलीवर बसून रस्त्यानें जात असतां कानाला हेडफोन लावून गाणीं ऐकावीं कीं नाहीं, आणि ऐकावयाचींच असल्यास तीं कशीं ऐकावीं, एवढाच तो विषय. कोणी म्हणेल, यांत सांगण्यासारखें तें काय? बापानें मुलाला 'ऐकूं नकोस' असें बजावलें कीं काम झालें. परंतु नुसत्या निषेधानें मनुष्य एखादी गोष्ट सोडीत नाहीं, हा आपल्या सर्वांच्या घरांतील अनुभव आहे. मुलगा दारांतून बाहेर पडेपर्यंत हेडफोन खिशांत ठेवतो आणि कोपरा ओलांडतांच कानांत घालतो. म्हणून बंदी किंवा परवानगी देण्यापूर्वीं कान रस्त्यावर कोणतें काम करतो, आणि गाण्यानें त्या कामांत नेमका कोठें अडथळा येतो, हें समजून घेणें बरें. तें समजलें म्हणजे कोणता नियम पाळावयाचा, हें ज्याचें त्यालाच ठरवितां येईल.

जालना जिल्ह्यांत ह्या प्रश्नाला विशेष धार आहे. १ मे १९८१ रोजीं मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा जिल्हा. आज त्याचे तालुके आठ आहेत. कुंडलिका नदीच्या कांठचें जालना शहर जुन्या काळापासून व्यापाराबद्दल प्रसिद्ध. 'सोन्याचा पाळणा' अशी त्याची ख्याति. पुढें बियाण्यांच्या धंद्यानें आणि पोलादी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांनीं त्या ख्यातींत भर घातली. पण जेथें उद्योग तेथें वाहतूक ही यावयाचीच. औद्योगिक वसाहतींतून सळयांनीं लादलेले ट्रक निघतात. अंबड आणि घनसावंगीकडे उसाचा हंगाम सुरू झाला कीं एका ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे चाललेला असतो. कापसाच्या दिवसांत रस्त्याच्या रुंदीहून फुगलेल्या गाड्या समोरून येतात. समृद्धि महामार्ग ह्या जिल्ह्यांतून गेला खरा, परंतु त्यावर सायकलीला मज्जाव आहे. तेव्हां सायकलस्वाराच्या वांट्याला अंबडचा, बदनापूरचा, मंठ्याचा असे नेहमींचे रस्तेच येतात, आणि त्यांच्या कडेला सायकलीसाठीं वेगळी पट्टी बहुधा नसते.

ह्या रस्त्यांवर सायकल चालविणारे कोण, हेंही पाहूं. पहिल्या शाळेंत जाणाऱ्या मुली. राज्य सरकारनें २००६ सालीं मानव विकास कार्यक्रमासाठीं जे पहिले बारा जिल्हे निवडले त्यांत जालना होता. पुढें ह्याच कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, ज्यांचें घर शाळेपासून पांच किलोमीटरपर्यंत आहे त्यांना, सायकली मिळूं लागल्या. सायकल मिळाली नसती तर सातवीनंतर घरीं बसली असती, अशी मुलगी आज त्या सायकलीमुळें शाळेंत जाते. दुसरे सायकलस्वार म्हणजे कारखान्यांतील कामगार. त्यांतील कित्येक उत्तरेकडील दूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेले. पाळी संपवून ते रात्रीं-अपरात्रीं खोलीवर परततात. तिसरे शहरांतील हौशी लोक, जे व्यायामाकरितां पहांटे बाहेर पडतात. ह्या तिघांपैकीं कोणाचाही कान रस्त्यावर बंद असणें परवडणारें नाहीं, आणि तिघांनाही गाण्याचा मोह सारखाच आहे.

आतां कानाच्या कामाकडे वळूं. डोळा हा पुढचा पहारेकरी आहे. मान न वळवितां त्याला समोरचें व बाजूचें दिसतें, पाठीमागचें दिसत नाहीं. मोटार हांकणाऱ्याजवळ आरसे असतात. सायकलीला ते बहुधा नसतात. म्हणून पाठीमागून काय येत आहे ह्याची पहिली वर्दी सायकलस्वाराला कानाकडूनच मिळते. कान झोंपेंतही मिटत नाहीं आणि त्याला सर्व दिशा सारख्याच मोकळ्या असतात. गाडी येत आहे एवढेंच तो सांगतो असें नाहीं. ती डावीकडून कीं उजवीकडून, जड कीं हलकी, वेग वाढवीत आहे कीं कमी करीत आहे, हेंही तो सांगतो. अनुभवी सायकलस्वार मागें न पाहतां 'हा ट्रॅक्टर आहे, ही एस. टी. आहे' असें ओळखतो, तें ह्याच विद्येमुळें.

दिशा कशी कळते, ह्याचा उलगडा रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं केला. आवाज हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर ह्या वेगानें जातो. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानाला आधीं व डाव्या कानाला किंचित् उशिरानें पोहोंचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. तरीही मेंदु तो मोजतो. शिवाय बारीक, उंच पट्टीच्या आवाजांना मस्तकाची आड होते, त्यामुळें दूरच्या कानाला ते मंद ऐकूं येतात. ह्या दोन खुणांवरून डावें-उजवें ठरतें. पुढचें-मागचें ठरविण्यास कानाच्या पाळीच्या वळ्या उपयोगीं पडतात. म्हणजे दिशाज्ञानासाठीं दोन्ही कान मोकळे हवेत, आणि पाळीही मोकळी हवी. एक कान बुजविला तर आवाज ऐकूं येईल; पण तो कोणत्या बाजूनें येतो हें सांगतांना मन गोंधळेल.

गाणें येथें काय करतें? तें पहिल्यानें आवाजावर आवाज घालून दुसऱ्याला झांकतें. लग्नाचा बँड दारांत वाजूं लागला म्हणजे शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं, तोच हा प्रकार. त्यांतही एक विशेष असा आहे कीं खर्जांतले जाड आवाज आपल्याहून उंच पट्टीच्या आवाजांना अधिक सहज झांकतात. आजकालच्या पुष्कळशा गाण्यांत ढोलाचा ठोका जोरकस असतो. पाठीमागून येणाऱ्या ट्रकच्या टायरांची घरघर आणि इंजिनाचा घुमारा नेमका त्या ठोक्याखालीं दडपला जातो.

ह्याचा परिणाम किती, हें साध्या हिशेबानें पाहूं. एक सायकलस्वार ताशी १५ किलोमीटर वेगानें चालला आहे आणि मागून ट्रक ताशी ६० किलोमीटर वेगानें येत आहे, असें धरूं. दोघांच्या वेगांतील फरक ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. मोकळ्या कानानें हा ट्रक १०० मीटरांवर असतांना ऐकूं आला, तर सायकलस्वाराला सावध होण्यास ८ सेकंद मिळतात. आतां उघड्या मैदानांत आवाजाचा नियम असा आहे कीं अंतर दुप्पट झालें कीं त्याची तीव्रता ६ डेसिबेलनें उतरते. तेव्हां गाण्यामुळें ऐकण्याची मर्यादा १२ डेसिबेलनें वर गेली, तर तोच ट्रक १०० ऐवजीं २५ मीटरांवर आल्यावर ऐकूं येईल. आठ सेकंदांचे दोन सेकंद झाले. १२ डेसिबेल हा कांहीं मोठा आंकडा नव्हे. मध्यम मोठ्यानें लावलेलें गाणें एवढा फरक सहज पाडतें. दचकणें, मागें पाहणें, हँडल सांवरणें आणि रस्त्याची कड गांठणें, एवढें सारें दोन सेकंदांत व्हावयाचें. कडेला खड्डा किंवा वाळूचा ढीग असला तर तेंही होणार नाहीं.

गाण्याचा दुसरा परिणाम कानावर होत नसून चित्तावर होतो. आवाज कानावर पडणें आणि तो ऐकणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. कादंबरी वाचणाऱ्या माणसाला हांक मारली तर ती त्याच्या कानांत शिरते, मनांत शिरत नाहीं. आवडतें गाणें लागलें, त्यांतली ओळ आपण गुणगुणूं लागलों, किंवा फोनवर कोणाशीं वादाचें बोलणें निघालें, कीं मनाची मोठी वांटणी तिकडे जाते. आवाज कमी ठेवला म्हणजे सगळें भागलें असें समजणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें. फोनवरचें संभाषण तर गाण्याहूनही वाईट. कारण गाणें उत्तराची वाट पाहत नाहीं.

नेदरलंड्स हा सायकलींचा देश. तेथील ग्रोनिंगेन विद्यापीठांतील संशोधकांनीं ह्याच प्रश्नावर सायकलस्वारांना प्रत्यक्ष चालवावयास लावून प्रयोग केले आणि ते २०११ सालीं प्रसिद्ध झाले. कानाच्या भोंकांत घट्ट बसणारीं यंत्रें दोन्ही कानांत असतां सायकलस्वारांना सूचनेचे आवाज ऐकण्यांत सर्वांत अधिक अडचण आली. साधें यंत्र एकाच कानांत ठेवणाऱ्यांचें ऐकणें मात्र जवळजवळ मोकळ्या कानांसारखेंच राहिलें. यंत्राची जात आणि कानांची संख्या ह्या दोन्हींना महत्त्व आहे, असा त्याचा अर्थ.

तेव्हां बाजारांत मिळणाऱ्या यंत्रांची थोडी ओळख करून घेऊं. ज्याच्या गाद्या संपूर्ण कान झांकतात, तो हेडफोन रस्त्यावर सर्वथा वर्ज्य समजावा. रबरी टोंकाचा, भोंकांत बुचासारखा बसणारा प्रकार तितकाच वाईट. गाणें बंद असलें तरी तो कान बुजवितोच. बाहेरचा गोंगाट विद्युद्युक्तीनें नाहींसा करणारीं यंत्रें आगगाडीच्या किंवा विमानाच्या प्रवासांत सुखाचीं आहेत, पण रस्त्यावर तो गोंगाट हीच आपली पहाऱ्याची घंटा असते. कानाच्या तोंडाशीं सैल टेकणारा साधा प्रकार ह्यांहून बरा. अलीकडे गालाच्या हाडावर टेकून हाडावाटे आवाज पोहोंचविणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. त्यांत कानाचें भोंक उघडें राहतें, हा मोठा लाभ आहे. परंतु झांकणें आणि चित्त ओढणें हे गाण्याचे दोन्ही गुण तेथेंही कायम असतात, कारण आवाज कोणत्याही वाटेनें आला तरी शेवटीं आंतल्या एकाच कानाशीं पोहोंचतो. हँडलला लहानसा स्पीकर बांधण्याचा प्रकार कानाला मोकळा ठेवतो. पण त्याचा आवाज मोठा झाला तर तोही झांकतो, आणि वाटेवरच्या लोकांना तो नको असतो हें निराळेंच.

आतां जालन्याच्या कामगाराची एक खास अडचण सांगावयाची आहे. सळयांच्या गिरणींत आठ तास मोठ्या आवाजांत काढल्यावर कान कांहीं काळ बधिर होतो. ही बधिरता बहुधा कांहीं तासांनीं किंवा रात्रभराच्या विश्रांतीनें ओसरते, म्हणून माणसाला तिचें भान नसतें. पण कारखान्याच्या फाटकांतून तो बाहेर पडतो तो नेमका त्या बधिर घटकेला. नेहमींच्या आवाजांत गाणें त्याला फिकें वाटतें, म्हणून तो आवाज वाढवितो. म्हणजे आधींच मंद झालेल्या कानावर नेहमींहून मोठें गाणें, वर अंधार, आणि त्याच फाटकांतून निघणारे मालाचे ट्रक. ह्या माणसानें निदान परतीच्या वाटेवर तरी कान मोकळे ठेवावेत. कारखान्यांत कान झांकण्याचें साधन मिळत असेल तर तें तेथें अवश्य वापरावें. आपल्याकडे पुष्कळदां उलटें घडतें. कारखान्यांत कान उघडे आणि रस्त्यावर बंद.

कानाच्या दीर्घकालीन प्रकृतीचाही विचार केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसासाठीं ८० डेसिबेल आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा मानली आहे. मुलांसाठीं ती ७५ डेसिबेल आहे. दर ३ डेसिबेलांच्या वाढीबरोबर हा काळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ८९ ला अवघे ५. वाहत्या रस्त्यावर सायकलस्वाराच्या कानाशीं वाहनांचा आवाज असतोच. त्यांत वेग वाढला कीं वाऱ्याची फडफड मिळते. ह्या सर्वांच्या वर गाणें चढवावयाचें म्हणजे घरांतल्यापेक्षां तें कितीतरी मोठें करावें लागतें. रोज तासभराच्या अशा प्रवासानें आठवड्याची शिधा केव्हांच संपते. आंतल्या कानांतील सूक्ष्म रोमपेशी एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. म्हणून ज्याला चाळिशीनंतरही गाणें ऐकावयाचें आहे, त्यानें विशींत आवाज बेतानें ठेवावा.

निरनिराळ्या देशांचे कायदे ह्या बाबतींत एकसारखे नाहींत. फ्रान्सनें १ जुलै २०१५ पासून मोटार हांकणाऱ्यांस व सायकलस्वारांस कानांत यंत्र घालून चालविण्याची बंदी केली. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत दोन्ही कान झांकण्यास मनाई आहे, एका कानास सूट आहे. नेदरलंड्समध्यें गाणें ऐकण्यास बंदी नाहीं. मात्र १ जुलै २०१९ पासून सायकल चालवितांना फोन हातांत धरणें हा गुन्हा आहे. आपल्या मोटार-वाहन कायद्याच्या व्याख्येंत पायांनीं चालविण्याची सायकल बसत नाहीं; तेव्हां येथें सायकलस्वाराचा खरा रखवालदार त्याची स्वतःची समजूतच होय.

येथें दोन आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत. पहिला असा कीं बहिरी माणसें सायकल चालवितात आणि सुरक्षित घरीं येतात, मग आम्हांला ही भीति कशाला? त्याचें उत्तर असें कीं बहिऱ्या माणसाला आपल्याला ऐकूं येत नाहीं हें पक्कें ठाऊक असतें. म्हणून तो वळण्यापूर्वीं न चुकतां मागें पाहतो, आरसा लावतो, डोळ्यांना दुप्पट कामाला लावतो. हेडफोनवाल्याची समजूत अशी असते कीं आपल्याला ऐकूं येत आहे. धोका बहिरेपणांत तितका नाहीं, जितका ह्या खोट्या समजुतींत आहे. शिवाय विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणि स्कूटर आतां रस्त्यावर आल्या आहेत; त्या संथ वेगांत जवळजवळ निःशब्द असतात. म्हणजे मोकळ्या कानाच्या माणसानेंही वळतांना मागें पाहण्याची संवय लावून घेतलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. कांचा लावून मोटारींत मोठ्यानें गाणीं ऐकणाऱ्यास कोणी कांहीं म्हणत नाहीं, ट्रॅक्टरवर कर्कश गाणें लावून जाणाऱ्यास कोणी अडवीत नाहीं, आणि उपदेश तेवढा गरीब सायकलस्वाराला, हा न्याय कोणता? हा न्याय नव्हेच. ज्याचें वाहन जड त्याची जबाबदारीही जड. उसाच्या ट्रॉलीला मागें दिवा किंवा चमकणारी पट्टी नसेल, किंवा ट्रकवाला सायकलीला अंगुळभर अंतर ठेवून पुढें जात असेल, तर सायकलस्वाराच्या कानांत गाणें होतें म्हणून त्याचा दोष फिटत नाहीं. हें मान्य करूनही एवढें खरें उरतें कीं धडक झाली तर मोटारवाल्याभोंवतीं पोलादी पेटी असते, सायकलस्वाराभोंवतीं कांहीं नसतें. दोष कोणाचा हें नंतर ठरतें. हाड आधीं मोडतें.

तरीही मी गाण्याचा शत्रु म्हणून बोलत नाहीं. हेडफोन हें मुळांत बसून ऐकण्याचें साधन. १९१० सालीं अमेरिकेंत नॅथॅनिएल बाल्डविन ह्यानें ते आपल्या घरीं तयार करून आरमाराला पुरविले, आणि रेडिओच्या आरंभींच्या दिवसांत आपल्याकडील हौशी लोकही ते कानाला लावून घरांतल्या खुर्चीवर बसत. १९७९ सालीं जपानी सोनी कंपनीचा वॉकमन निघाला तेव्हांपासून हें बैठें साधन चालूं लागलें. त्याच्या मागें माणसाची खरी गरज आहे. आठ तासांच्या कष्टानंतर एकट्यानें अंधाऱ्या रस्त्यानें जाणाऱ्या परप्रांतीय कामगाराला आपल्या गांवचें गाणें ही सोबत वाटते. मोटेवर, जात्यावर, वारीच्या वाटेवर आपणही गाण्यानेंच श्रम हलके करीत आलों. फरक एवढाच कीं तें गाणें आपल्या कंठांतून येत असे; तें कान बंद करीत नसे.

म्हणून व्यवहारांत काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. जेथें मोठीं वाहनें धांवतात, जेथें चौक, फाटा, पूल किंवा कारखान्याचें फाटक आहे, तेथें कांहीं एक ऐकूं नये; रात्रीं, धुक्यांत व पावसांत तर मुळींच नाहीं. उसाच्या हंगामांत अंबडच्या बाजूस, आणि अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीकडे पायीं जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते त्या रस्त्यावर, हा नियम कसोशीनें पाळावा. मोकळ्या, ओळखीच्या, रहदारी नसलेल्या वाटेवर ऐकावयाचेंच असेल तर यंत्र एकाच कानांत, आणि तेंही सैल बसणारें असावें. आपल्याकडे वाहनें डावीकडून चालतात व मागचें वाहन उजव्या अंगानें पुढें जातें. म्हणून उजवा कान मोकळा ठेवून यंत्र डाव्या कानांत घालावें. आवाज किती ठेवावा ह्याची साधी परीक्षा अशी: सायकल चालत असतां आपल्या स्वतःच्या टायरांची सळसळ आणि साखळीची कुरकुर गाण्यांतूनही ऐकूं आली पाहिजे. ती ऐकूं येत नसेल तर गाणें मोठें आहे. गाणें बदलावयाचें असेल, फोन घ्यावयाचा असेल, तर कडेला उतरून पाय जमिनीला टेकावा. यंत्राची तार असेल तर ती सदऱ्याच्या आंतून घ्यावी, नाहीं तर ती हँडलांत अडकते. आणि हँडलच्या उजव्या टोंकाला एक लहान आरसा बसवावा. त्याची किंमत बहुतेक हेडफोनांहून कमी असते.

घरांतील वडील मंडळींना एवढेंच सुचवावयाचें आहे कीं मुलाला किंवा मुलीला हेडफोन आणून द्याल त्याच दिवशीं सायकलीला आरसा, घंटा व मागचा दिवाही आणून द्या, आणि वर सांगितलेला आठ आणि दोन सेकंदांचा हिशेब तिला स्वतःला कागदावर मांडावयास सांगा. 'नको' म्हटलेलें मूल विसरतें. स्वतः केलेलें गणित विसरत नाहीं. शाळेपर्यंतचा पांच किलोमीटरांचा रस्ता सायकलीवर वीस मिनिटांत सरतो. एवढा वेळ गाणें थांबूं शकतें, आणि घरीं पोहोंचल्यावर तें जेथें सोडलें तेथूनच पुन्हां लावतां येतें.